गॅस गिझर बाथरूममधे नकोच

आपल्याकडे बाथरूम म्हणजे चार बाय चार, त्यात पावसाळ्यात खिडकी बंद, म्हणून गॅस गिझर आत लावूच नका, ड्राय बाल्कनीत लावा आणि गरम पाणी पाइपने आत आणा. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास, गॅस लीकचा निदान वास तरी येतो (आला तर १९०६ ला फोन करा).

आधीच आत असेल तर खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच आंघोळ. ज्योत निळीच हवी. आमची एकदा पिवळी झाली, वरच्या टाइलवर काजळी धरलेली, लगेच बंद करून मेकॅनिक बोलावला तर बर्नरमधे कोळ्याची जाळी. आणि डोकं दुखलं, गरगरलं तर पाणी तसंच सोडून आधी बाहेर या.