बिडावरचं नाव वाचा: पुण्यातल्या जुन्या फाउंड्र्यांचा माग कसा काढाल

जुन्या फाउंड्रीचा, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याचा, पत्ता शोधत फिरू नका. भट्टी विझली, शेड पाडली, जागेवर सोसायटी झाली की तिथे काही उरत नाही. तिने ओतलेला माल मात्र गावभर असतो. मी उभी हयात लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूचा साचा ज्यावरून भरतात ते नमुने, बनवले, म्हणून सांगतो, आधी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाचा, कागदपत्रं नंतर.

सुरुवात पेठांतल्या गटारांच्या आणि व्हॉल्व्हच्या झाकणांपासून करा. झाकणावर ‘पूना म्युनिसिपल कॉर्पोरेशन’ असेल तर माल १९५० नंतरचा, कारण महानगरपालिका त्या वर्षी झाली. मग बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा. तिथे वजनं, इस्त्र्या, कडबाकुट्टीची चाकं मिळतात. शेराचं वजन हाती आलं तर ते बहुधा दशमान वजनांच्या आधीचं. ती १९५८ पासून लागू होत गेली. ‘किर्लोस्कर’ दिसलं की लगेच पुणं धरू नका. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, पुण्यातल्या खडकीची ऑइल इंजिन कंपनी १९४६ ची.

गंज खरवडू नका, अक्षरं त्याच्याबरोबर जातात. मऊ ब्रशने माती झटका आणि टॉर्च अगदी बाजूने, आडवा धरा. पुसट अक्षरांचीही सावली पडते. मग पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा फिरवा. ठशामागे गल्ली, तारीख, माप लगेच लिहा.

आता खरी गंमत अक्षरांत आहे. नावाची अक्षरं शिशाची किंवा पितळेची, सुटी असत. ती आम्ही पॅटर्नवर बारीक खिळ्यांनी ठोकायचो. एखादं अक्षर तिरकं बसलं तर त्या पॅटर्नवरून भरलेल्या प्रत्येक साच्यात ते तसंच तिरकं उतरतं. दोन पेठांतल्या दोन झाकणांवर तोच ‘र’ तसाच कललेला दिसला, तर दोन्ही एकाच पॅटर्नची, बहुतेक एकाच फाउंड्रीची. वाड्यांच्या जाळ्यांवर नाव नसलं तरी फुलाच्या पाकळीतला तोच टवका असाच ओळख देतो.

नाव हाती लागलं की १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर चाळा. शहरातल्या कारागिरीवर त्यात बरंच आहे. पण माझा जास्त भरवसा माणसांवर. भोसरी-पिंपरीत निवृत्त मोल्डर, म्हणजे साचे भरणारे कारागीर, आहेत, त्यांच्याकडे लवकर जा. ‘इतिहास सांगा’ म्हटलं की ते गप्प होतात. ठसा पुढे ठेवा आणि विचारा, वाळू कुठून यायची? कुपोला, म्हणजे बीड वितळवायची भट्टी, केवढा होता? ओतायचा वार कोणता? छोट्या फाउंड्रीत रोज वितळवत नसत. दोन-चार दिवस साचे भरायचे आणि मग एक दिवस ओतायचं. त्या दिवसाबद्दल विचारलंत की मालकाचं, मिस्त्रीचं, शेजारच्या फाउंड्रीचं नाव आपोआप निघतं. ते त्यांच्यासमोरच वहीत लिहा आणि पुन्हा वाचून दाखवा.