फिकी पडलेली रिबन फेकण्याआधी

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बारीक पिना शाईच्या कापडी रिबनीवर आपटून ठिपक्यांनी अक्षरं छापतो. त्याचे ठसे फिके आले की रिबन संपली असं आपण धरून चालतो. पुष्कळदा शाई शिल्लक असते, वाळलेलं असतं ते तेल. पिना कापडाच्या मधल्या पट्ट्यावर आपटत राहतात, तिथला ओलावा जातो आणि कडांना रंग साठून राहतो. म्हणून मी आधी कार्ट्रिज, म्हणजे रिबनीची प्लास्टिकची डबी, काढून चार-पाच दिवस नुसती ठेवते. कडांची शाई मध्ये झिरपते, आणि कधी कधी तेवढ्यानं काम भागतं.

नाही भागलं, तर तेल घालण्याआधी कापड बघा. कार्ट्रिजवरचं रिबन सरकवणारं बटण बाणाच्या दिशेनंच फिरवत पूर्ण रिबन उजेडात डोळ्यांखालून घाला. भोक, विरलेली जागा, सुटलेला धागा, यांतलं काहीही दिसलं तर ती रिबन बाद. माझ्या ९ पिनांच्या प्रिंटरची एक पिन अशीच गेली. कडेला एकच धागा सुटला होता, मी तशीच बसवली. पिन त्यात अडकून मोडली, आणि तेव्हापासून प्रत्येक ओळीतून एक पांढरी रेघ आडवी जाते. रिबन नवी मिळेल, पिना बसवलेलं हेड मिळणं फार कठीण.

कापड शाबूत असेल तर हातमोजे घाला, खाली वर्तमानपत्र पसरा. कार्ट्रिज आडवी ठेवून झाकणाच्या खाचा चपट्या स्क्रूड्रायव्हरनं हळूहळू सोडवा. आत रिबन घड्या घालून कोंबलेली असते; कार्ट्रिज कलली की सगळी बाहेर उसळते. काही रिबनींच्या वेटोळ्याला मुद्दाम अर्धा पीळ दिलेला असतो, म्हणजे दोन्ही कडा आळीपाळीनं वापरल्या जातात. तो पीळ चूक समजून सरळ करू नका. घड्यांवर डब्ल्यूडी-४० या तेलकट स्प्रेचे दोन-तीन छोटे फवारे पुरतात, भिजवायचं नाही. झाकण लावा, बटण काही फेरे फिरवा आणि मोकळ्या हवेत रात्रभर ठेवा. फवाऱ्यातला द्राव पेट घेणारा असतो आणि छापताना हेड तापतं, त्यामुळे इथे घाई नको. पहिली पानं रद्दीवर छापा. अक्षरांभोवती तेलाचं वलय उमटलं तर फवारा जास्त झालाय. रिबन टिपकागदावर दाबून घ्या.

शाई खरोखरच संपली असेल तर रिबनसाठीचीच तेलकट शाई वापरा. ती पिनांचं वंगणही असते. पाण्याच्या शाईत वंगण नसतं, वर ती वाळून पिना अडकवते. चार रंगांच्या रिबनीला मी हात लावत नाही, रंग एकमेकांत उतरतात. आणि कापडाऐवजी प्लास्टिकच्या पट्टीवर कार्बनचा थर असलेली, एकदाच वापरायची कार्बन फिल्म पुन्हा भरताच येत नाही, कारण तिचा थरच कागदावर निघून जातो. तिच्यावर छापलेला मजकूर मात्र अक्षर न् अक्षर वाचता येतो, तेव्हा टाकण्याआधी कापून तुकडे करा.

साठवण सोपी आहे. बटणानं ढिली रिबन ताणून घ्या, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, वर तारीख लिहा आणि थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. प्रिंटर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर रिबन आत सोडू नका. कापड पार गेलं तरी रिकामी कार्ट्रिज मी जपून ठेवते. तिचं दातेरी चाक किंवा बटण पुढे दुसऱ्या कार्ट्रिजला लागतं.