लहानपणी कॅमेऱ्यासमोर होतात, आता मागे जायचंय? आधी एडिटिंग शिका

लहानपणी काम केलेल्यांना बरंच येत असतं, मार्कवर, म्हणजे जमिनीवरच्या ठरलेल्या खुणेवर थांबणं, लुक कुठे द्यायचा, मागच्या टेकला ग्लास कुठल्या हातात होता, हे सगळं अंगात मुरलेलं असतं. पण बालकलाकाराला सगळं सांगितलं जातं, इथे उभा राहा, आता रड, आता पळ, आणि डायरेक्टरचं नेमकं उलटं, दिवसभर लोक येऊन त्यालाच विचारतात. ही ठरवायची सवय लावून घेणं सगळ्यात अवघड.

ती सवय एडिटिंगने लागते असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाच्या तरी शॉर्ट फिल्मचे रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं शूटिंग, मागून घ्या, दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरचं फ्री व्हर्जन पुरतं, आणि एकच सीन एकदा बोलणाऱ्यावर राहून कापा, एकदा फक्त ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर राहून. सीनचा अर्थच बदलतो! 180 डिग्रीचा नियमही इथेच डोक्यात बसतो, दोन पात्रांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरायची, कॅमेरा त्या रेषेपलीकडे गेला की समोरासमोर बोलणारे दोघं एकाच दिशेला बघतायत असं वाटायला लागतं.

मग असिस्टंट व्हा आणि जमलं तर कंटिन्युटी, म्हणजे शॉट्समधला मेळ सांभाळायचं काम, मागून घ्या. प्रत्येक टेक, लेन्स, बदललेला डायलॉग लिहावा लागतो, कंटाळवाणं आहे, पण मॉनिटरजवळ बसायला मिळतं आणि डायरेक्टरने कुठला टेक का ओके केला ते रोज दिसतं.

ॲक्टिंग लगेच सोडू नका. हॉलिवूडचा डायरेक्टर रॉन हॉवर्ड लहानपणापासून टीव्हीवर होता, त्याने निर्माता रॉजर कॉर्मनच्या एका फिल्ममध्ये काम करायचं कबूल केलं ते डायरेक्शनची संधी मिळावी म्हणून, आणि 1977 मध्ये 23 व्या वर्षी त्याची पहिली फीचर, म्हणजे पूर्ण लांबीची फिल्म, आली. कॅनडाची सारा पॉलीही बालकलाकार होती, ती आधी शॉर्ट फिल्म्स करत राहिली, फीचर 2006 मध्ये. आपले सचिन पिळगांवकर तर दोन्हीकडे राहिले.

स्वतःची पहिली फिल्म पाच-सात मिनिटांची, दोन पात्रं, एकच जागा. त्यात स्वतः काम करू नका, शॉट देऊन परत मॉनिटरकडे पळण्यात दोन्ही कामं अर्धवट होतात. आणि ॲक्टरला करून दाखवू नका, आपल्याला येतं म्हणून मोह होतोच, पण मग समोरचा फक्त तुमची नक्कल करतो. त्या पात्राला आत्ता काय हवंय तेवढं सांगा.

सेटवर लहान मूल असेल तर त्याचे शॉट्स दिवसाच्या सुरुवातीला लावा, ते ताजं असताना. रडवण्यासाठी घाबरवू नका, खोटं सांगू नका, सीनमध्ये काय होतंय ते आधी नीट समजावा, आणि टेक ओके झाला की सगळ्यात आधी त्याला सांगा, बाकी युनिटला नंतर कळलं तरी चालतं.