परगावी खानावळ शोधताय? या चुका टाळा

फिरतीवर चांगलं जेवण हुकतं ते बहुतेकदा वेळ आणि वार चुकल्यामुळे. घरगुती खानावळीत सकाळी जेवढं रांधलं तेवढंच दुपारी वाढलं जातं. पातेलं संपलं की दार लागलं, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

तीन वाजता जेवायला पोचणं

मालवण-वेंगुर्ल्याकडे मासळीच्या ताटाला साडेबारा ते दोनमध्ये बसा. उशिरा आलात तर तळलेला तुकडा पुन्हा तव्यावर टाकून मिळण्याची शक्यता मोठी. रवा कडक होतो आणि आतला मासा कोरडा पडतो. कोंबडी-वडे हवे असतील तर सकाळीच फोन करून माणसं सांगा. वड्यांचं पीठ मळून मुरावं लागतं आणि गावठी कोंबडी शिजायला ब्रॉयलरपेक्षा बराच जास्त वेळ घेते.

कोल्हापुरात उशिराचा फटका पांढऱ्या रश्शाला बसतो. मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखशीचं वाटण असतं. तो सारखा रटरटत राहिला की दूध फुटतं, वर तेल आणि खाली रवाळ गाळ दिसतो. वाटी अशी आली तर गरम करून आणायला सांगू नका, आणखी फुटेल. तांबड्यावर भागवा.

वार न बघणं

मटणाचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि संकष्टीला गिऱ्हाईक कमी, म्हणून मटण थोडंच शिजतं किंवा आदल्या दिवशीचं पुढे येतं. श्रावणात तर कित्येक छोट्या मांसाहारी खानावळी बंदच असतात. शहरांतल्या मेसना रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, हेही ध्यानात ठेवा.

जुलैत ताजी सुरमई मागणं

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. या काळात ताटातली सुरमई किंवा पापलेट बहुधा बर्फातलं निघणार. त्यापेक्षा खाडीचं काय आलंय ते विचारा, नाहीतर सरळ सुकटीचं कालवण किंवा सुक्या बांगड्याची किसमूर घ्या. पावसाळ्यातलं खरं कोकणी जेवण तेच. एरवीही फळ्यावर भावाऐवजी ‘साइजप्रमाणे’ लिहिलं असेल तर तुकडा बघून, भाव ठरवून मगच हो म्हणा. बिलावरून होणारी बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात.

खानदेशी भरिताचंही तसंच. जळगावकडची मोठी हिरवी वांगी थंडीत भरात येतात आणि भरितासाठी ती कपाशीच्या काड्यांवर भाजतात. चातुर्मासात अनेक घरांत वांगं वर्ज्य, ते चंपाषष्ठीला सुटतं. मे महिन्यात भरीत मिळेल, पण बऱ्याचदा गॅसवर भाजलेलं. तेव्हा शेवभाजी मागवा.

चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न

‘इथलं स्पेशल काय?’ असं विचारलं की यादीतलं सगळ्यात महाग नाव ऐकू येतं. ‘आज काय शिजलंय?’ असं विचारा. जागेबद्दल लॉजच्या काउंटरवर विचारण्यापेक्षा बदलीवर आलेले बँकवाले, शिक्षक किंवा एसटीचे वाहक गाठा. एकट्याने राहणारा माणूस महिनाभर एकाच ठिकाणी जेवतो. कुठे भाकरी गरम मिळते आणि कुठे आमटीत पाणी वाढलंय ते त्याला पक्कं माहीत असतं. नकाशात शोधताना देवनागरीत ‘खानावळ’, ‘खाणावळ’, ‘घरगुती जेवण’ असं टाकून पाहा. तारे मोजू नका, अलीकडचे फोटो बघा. तिथे दिलेल्या वेळांवरही विसंबू नका, निघण्याआधी फोन करा.

मिसळीवर सगळा कट एकदम ओतणं

तिखटपणा तेलात उतरतो, म्हणून सगळ्यात जहाल भाग वरची लाल तर्री. झेपत नसेल तर ‘तर्री नको, खालचा रस्सा द्या’ असं सांगा. कट थोडाथोडा घ्या. एकदम ओतला की फरसाणाचा लगदा होतो. तोंड भाजलंच तर पाणी उपयोगी नाही, दही खा. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या जाड स्लाइस येतात, पावासाठी अडून बसू नका. नागपूरच्या सावजी रश्शात मात्र वरचं तेल बाजूला केलं तरी मिरी-मसाल्याचा जाळ उरतोच. पहिल्यांदा खाणार असाल तर आधी एक वाटी मागवून चाखा, मगच ताट सांगा.

पार्सलचा मोह

पांढरा रस्सा प्रवासात टिकत नाही आणि सोलकढीही तासाभरात चव सोडते. दोन्ही जागेवरच प्या. बरोबर न्यायचीच तर सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. चटणी कोरडी आहे ना, एवढं बघून. पैसे द्यायच्या वेळी रेंज नसेल, म्हणून खिशात शंभराच्या चार-पाच सुट्या नोटा ठेवा.