शाळेच्या अंगणात सावली उभी करताना: सोलापूरपुरते

सोलापुरात एप्रिल लागला की पारा चाळिशी ओलांडतो, आणि पेव्हर ब्लॉक बसवलेल्या शाळांत मधल्या सुटीतही मुले व्हरांड्याच्या सावलीची रेघ ओलांडत नाहीत. पॅरिस शहराने २०१८ पासून शाळांची डांबरी अंगणे उकरून तेथे माती आणि झाडे आणण्यास सुरुवात केली. आपल्याकडे मात्र झाडांच्या आधी पाण्याचा हिशोब मांडावा लागतो.

येथील पावसाची वार्षिक सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर आहे. म्हणजे १०० चौरस मीटर छतावर वर्षभरात ५५,००० लिटर पाणी पडते आणि वाया जाणारे वगळले तरी त्यातील ४०,००० लिटर वळवता येते. छताचे पाणी टाकीत आणि टाकीवरून वाहणारे झाडांच्या ओळीलगतच्या चरात सोडावे. पोषण आहाराची ताटे धुतलेले पाणी तर रोजचेच. खरकटे गाळून ते कर्दळीच्या वाफ्यात सोडावे.

जागा ठरवण्यासाठी दुपारी तीन वाजता भिंतींना हात लावून पाहावा. बहुधा पश्चिमेची भिंत सर्वांत तापलेली असते. तिच्यापासून चारेक मीटर सोडून कडुनिंब आणि करंज लावावेत. वड-पिंपळ इमारतीपासून लांब, मैदानाच्या कोपऱ्यातच बरे. गुलमोहर दिसायला देखणा, पण सावली हवी तेव्हा, उन्हाळ्याच्या तोंडाशी, निष्पर्ण असतो.

झाडाच्या जागेवरचे ब्लॉक काढून मे महिन्यात तीन फुटांचे खड्डे खणावेत आणि उन्हात तापू द्यावेत. काळी माती पावसात चिकट होते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून भरताना तीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे. जूनमध्येच रोपासोबत फोटो काढण्याची घाई अनेकांना असते; परंतु सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, त्यामुळे जमीन चांगली भिजल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये लावलेले रोप त्या पावसावर मूळ धरते.

खरी कसोटी पुढच्या मे महिन्यात लागते, कारण तेव्हा शाळा बंद असते आणि नळाला पाणी काही दिवसांआड येते. प्रत्येक रोपाशेजारी भाजलेल्या मातीचे, झिलई नसलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, ते भरून झाकावे आणि आळ्यात उसाच्या पाचटाचा चार बोटे थर द्यावा. पाणी झिरपत थेट मुळांशी जाते. पन्नास रोपे लावण्यापेक्षा दहा लावावीत, आणि मडके भरण्याची सुटीतली पाळी शाळेजवळ राहणाऱ्या पालकांच्या नावांसह एप्रिलअखेरीस फळ्यावर लिहावी.