केमोनंतरची मळमळ: दुसरा आणि तिसरा दिवस सांभाळा

केमोच्या दिवशी बरं वाटलं म्हणून घरी दिलेल्या उलटीच्या गोळ्या बाजूला ठेवल्या, की बहुतेकांचं तिथेच बिनसतं. पहिल्या २४ तासांतली मळमळ मुख्यतः आतड्यातून सुटणाऱ्या सेरोटोनिनमुळे होते आणि ऑन्डानसेट्रॉन हे उलटीचं औषध तेच अडवतं. नंतरच्या मळमळीत सबस्टन्स पी या दुसऱ्या रसायनाचा हात मोठा असतो. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध घेतलेल्यांना ४८ ते ७२ तासांच्या सुमारास ती जास्त जाणवते. म्हणून अप्रेपिटंट, डेक्सामेथासोन, ओलान्झापिन यांपैकी जे लिहून दिलं असेल ते मळमळ नसली तरी ठरल्या वेळी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकेलच असं नाही.

डेक्सामेथासोन सकाळी, खाऊन घ्यावं. संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. ओलान्झापिनने गुंगी येते, म्हणून ते रात्री. ऑन्डानसेट्रॉनने शौचाला घट्ट होतं, पोट तुंबलं की मळमळ वाढते, आणि मग माणूस आणखी ऑन्डानसेट्रॉन मागतो! पोट साफ होण्याचं औषध आधीच विचारून ठेवा. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर दुसरी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

खाणं दर दोन-तीन तासांनी, चार-पाच घासच. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून ते गार होऊ द्या आणि स्वयंपाकघरापासून लांब बसा. जेवल्यावर तासभर आडवं होऊ नका. आवडीचा पदार्थ केमोच्या दिवशी टाळलेला बरा. मळमळीशी त्याची सांगड बसली तर पुढे तो नकोसा होतो.

उलटीनंतर चूळ भरा, थोडं थांबा, मग दर पाच मिनिटांनी एक-दोन चमचे पाणी. तयार ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर धोक्याचं. केमोनंतर किमान ४८ तास उलटी साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

केमोच्या नुसत्या आठवणीनेच उमासे येत असतील, तर पुढच्या डोसच्या आधी सांगा. त्यासाठी वेगळी गोळी देता येते.

दिवसभर पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा चोथा दिसला, भोवळ आली किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.