न्यू जर्सीत नवीन आलात? गाडी, घर आणि धंद्याच्या इन्शुरन्सचं आधी वाचून घ्या

दर उन्हाळ्यात एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे भागात नवीन मराठी कुटुंबं येतात, आणि पोरांच्या शाळेचं झालं की दुसरा प्रश्न हाच, "ताई, गाडीचा इन्शुरन्स सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून झालंय, म्हणून आता एकदाच लिहून टाकते. मी एजंट नाहीये, कुणाचं कमिशन वगैरे काही नाही, फक्त इथे बरीच वर्षं काढलीत आणि बऱ्याच जणांचे क्लेम जवळून बघितलेत.

आधी एक डोक्यातून काढून टाका, "शेवटी परत किती मिळणार" हे. आपल्याकडे विमा म्हटलं की एलआयसी, मुदत संपली की रक्कम हातात, त्यात मुलीचं लग्न नाहीतर फ्लॅटचं डाउन पेमेंट. इथे वर्षभर हप्ते भरले आणि काही झालं नाही तर पैसे गेले, विषय संपला. आणि तुमच्या गाडीचा पत्रा, तुमचा टीव्ही हा त्यातला किरकोळ भाग आहे. खरे पैसे जातात ते तुमच्यामुळे दुसऱ्याला लागलं आणि त्याने वकील केला तर. टर्नपाइकने, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेने, जाताना दर दोन मैलांवर अपघाताच्या वकिलांचे होर्डिंग दिसतात ना, ते उगाच नाहीत.

आता गाडी. मागे एक नवीन जोडपं म्हणालं, "पुण्यात थर्ड पार्टीवर दहा वर्षं गाडी चालवली, इथेही मिनिमम घेतो की." इथेच घोळ होतो. भारतात थर्ड पार्टी पॉलिसीत समोरचा माणूस जखमी झाला किंवा गेला तर भरपाईला वरची मर्यादाच नाही, कोर्ट जे ठरवेल ते कंपनी देते. इथे मर्यादा असते आणि ती तुम्हीच निवडलेली असते. न्यू जर्सीत स्टँडर्ड पॉलिसीची किमान लिमिट २०२२ अखेरपर्यंत १५/३०/५ होती, मग २०२३ पासून २५/५०/२५ झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून ३५/७०/२५ आहे. हे आकडे हजार डॉलरमधले. म्हणजे एका जखमी माणसामागे ३५ हजार, एका अपघातात सगळे मिळून ७० हजार, आणि समोरच्याची गाडी, कुंपण वगैरे मोडलं तर २५ हजार. आता इथलं हॉस्पिटलचं बिल तुम्ही एकदा तरी बघितलं असेलच. मांडीचं हाड मोडून ऑपरेशन झालं की ३५ हजार कुठल्या कुठे जातात, आणि वरचं जे उरतं ते तुमच्याकडून मागतात. म्हणून तुमच्या पॉलिसीचं पहिलं पान, ज्याला सगळे डेक पेज म्हणतात, ते काढा आणि बॉडिली इंज्युरी (दुसऱ्याला झालेली इजा) समोर काय आकडा आहे तो बघा. ३५/७० दिसलं तर आजच एजंटला फोन करून १००/३०० आणि २५०/५०० चा भाव विचारा. दुपटी-तिपटीने वाढेल असं वाटतं पण तसं होत नाही, फरक बहुतेक वेळा तुमच्या अंदाजापेक्षा बराच कमी निघतो.

त्याच पानावर अनइन्शुर्ड आणि अंडरइन्शुर्ड मोटरिस्ट असं असतं. म्हणजे ज्याने तुम्हाला ठोकलं त्याच्याकडे इन्शुरन्सच नाही किंवा अगदी कमी आहे, तर तुमच्याच कंपनीने तुम्हाला द्यायचे पैसे. हा आकडा तुमच्या लायबिलिटीच्या, म्हणजे दुसऱ्याला द्यायच्या भरपाईच्या, लिमिटपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे दुसऱ्यासाठी कमी घेतलं की स्वतःसाठीही आपोआप कमीच घेतलं जातं, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

मग येतं लिमिटेशन ऑन लॉसूट. स्वस्त म्हणून ऑनलाइन कोट (प्रीमियमचा भाव) घेताना सगळे तेच टिक करतात. त्याचा अर्थ असा की अपघातात तुम्हाला लागलं तर वेदना, त्रास यासाठी समोरच्यावर केस करण्याचा हक्क तुम्ही सोडताय, कायमची इजा वगैरे गंभीर प्रकार सोडून. आणि हे नुसतं तुम्हाला नाही तर घरातल्यांनाही लागू होतं. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पैसे वाचवायचेच असतील तर माझ्या मते इथे वाचवा, कोलिजनचं (धडकेत तुमच्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर) डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, ५०० चं १००० करा, पण लायबिलिटीला कात्री लावू नका. आणि पीआयपी म्हणून जे असतं, म्हणजे चूक कुणाचीही असो तुमचा दवाखान्याचा खर्च, ते नेहमीचं अडीच लाख डॉलरचं असतं, ते कमी करून १५ हजारावर आणता येतं. आणू नका. त्यातच "हेल्थ इन्शुरन्स प्रायमरी" असा एक पर्याय असतो, तो घेण्याआधी ऑफिसच्या एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या की तुमचा हेल्थ प्लॅन गाडीच्या अपघाताचे पैसे देतो, काही प्लॅन देत नाहीत.

सुरुवातीला प्रीमियम बघून डोळे पांढरे होतील. भारतातला ड्रायव्हिंगचा अनुभव बहुतेक कंपन्या धरत नाहीत, आणि इथे क्रेडिट हिस्टरीही बघतात जी तुमची अजून तयारच झालेली नसते. वर्षभराने दोन-तीन ठिकाणी परत कोट काढा, फरक पडतो. मध्ये खंड मात्र पडू देऊ नका. दोन-तीन महिने भारतात चाललोय म्हणून इन्शुरन्स कॅन्सल करतात काही जण, तसं नाही चालत, रजिस्ट्रेशन चालू असेल तोपर्यंत इन्शुरन्स लागतोच, बंद करायचाच असेल तर आधी नंबर प्लेट मोटर व्हेईकल कमिशनला परत करायची. विनाइन्शुरन्स सापडलात तर पहिल्याच वेळी ३०० ते १००० डॉलर दंड आणि वर वर्षभर लायसन्स सस्पेंड होऊ शकतं.

आता शनिवारी ओक ट्री रोडवर, म्हणजे एडिसन-इझलिनमधल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, जे होतं ते. किराणा घेऊन पार्किंगमधून मागे घेताना बंपर लागतो, दोघेही आपलेच निघतात, आणि मग "जाऊ दे हो, दोनशे घ्या आणि मिटवून टाकू." असं अजिबात करू नका. नुकसान ५०० डॉलरच्या वर असेल किंवा कुणाला जराही लागलं असेल तर पोलिसांना कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि आजकालच्या बंपरमध्ये सेन्सर, कॅमेरे असतात, त्यामुळे ५०० च्या आत क्वचितच काही होतं. शिवाय आज हसत हसत हात मिळवलेल्या माणसाची मान दोन आठवड्यांनी दुखायला लागते. फोटो काढा, दोन्ही नंबर प्लेट, समोरच्याचं लायसन्स, इन्शुरन्स कार्ड, आजूबाजूचा रस्ता, सगळं. आणि सॉरी सॉरी, माझंच चुकलं, हे आपल्या तोंडून सवयीने निघतं ते जरा आवरा. कुणाला लागलंय का ते विचारा, ९११ ला फोन करा, बाकी चूक कुणाची ते ठरवणारे ठरवतील.

पोलिसांनी थांबवलं तर उजवीकडे गाडी घ्या, गाडीतच बसा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. आपल्याकडे साहेबांकडे उतरून जायची पद्धत आहे, इथे उतरायचं नाही. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स कार्ड हे तीन मागतात, कार्ड फोनवर दाखवलं तरी चालतं. पैसे वगैरे देण्याचा विचारही मनात आणू नका.

हरणांचं वेगळं सांगते कारण हे मुंबई-पुण्याच्या माणसाला खरंच वाटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी हरणं सरळ रस्त्यावर येतात, एक गेलं की मागून दुसरं येतंच. हरणाला धडक बसली तर ते कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (चोरी, झाड पडणं, जनावर वगैरेचं कव्हर) येतं. पण हरणाला वाचवायला गाडी वळवली आणि झाडावर घातली तर ते कोलिजन, म्हणजे वेगळं डिडक्टिबल आणि तुमची चूक धरली जाण्याची शक्यता. ओळखीतल्या एकाचं अगदी असंच झालं, हरीण पळून गेलं, त्याला खरचटलंही नाही, आणि याची गाडी टोटल, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे. म्हणून ब्रेक दाबा, लेन सोडू नका. बर्फ पडल्यावर गाडीच्या टपावरचा बर्फही काढायचा, नुसती काच पुसून निघायचं नाही, न काढल्यास २५ ते ७५ डॉलर दंड आहे, आणि तो उडून मागच्याला लागला तर दंड हजारापर्यंत जातो.

घराकडे येऊ. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असाल तर मालकाचा इन्शुरन्स बिल्डिंगचा असतो, तुमच्या सामानाचा नाही. रेंटर्स पॉलिसी साधारण महिन्याला पंधरा-वीस डॉलरला पडते आणि त्यात लायबिलिटीही असते, म्हणजे तुमच्या किचनमधून आग लागून शेजाऱ्याचं घर जळलं तर ती बाजू धरलेली असते. आणि किचनवरून आठवलं, फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणारी किमान चार घरं मला माहीत आहेत. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधणारेही आहेत! एक्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, जागा बदलून मागा, पण बंद करू नका. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद आणि वर झाकण. देवघरातलं निरांजन चालू ठेवून कामाला निघून जाऊ नका, ही लाकडी घरं आहेत, आपली काँक्रीटची नाहीत. आणि थंडीत गॅरेजमध्ये गाडी गरम करत ठेवू नका, दार उघडं असलं तरी, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

दिवाळीचे फटाके: २०१७ पासून फुलबाज्या, जमिनीवरचे छोटे प्रकार चालतात, रॉकेट आणि आवाजाचे बॉम्ब बेकायदेशीर. बस.

सोनं. लग्नातल्या पाटल्या, तोडे, मंगळसूत्र, आईने दिलेला हार, हे सगळं कपाटात ठेवून लोक निर्धास्त असतात की घराचा इन्शुरन्स आहे ना. पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला वेगळी मर्यादा असते, बऱ्याच पॉलिसीत ती १५०० डॉलरच्या आसपास. सगळ्या दागिन्यांना मिळून! आजच्या भावाने त्यात एक बांगडीसुद्धा येत नाही. एकेक दागिना फोटो आणि अप्रेझलसकट (किमतीचा लेखी दाखला) पॉलिसीत वेगळा लावून घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतात. बँकेचा लॉकर बरा, पण खात्यातल्या पैशाला जशी सरकारी हमी असते तशी लॉकरमधल्या वस्तूंना नसते. आणि आपल्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांनाही चांगलं माहीत आहे, त्यामुळे तीन आठवडे भारतात चाललो असं एअरपोर्टवरून फेसबुकवर टाकू नका, परत आल्यावर टाका फोटो. गाडीच्या चाव्याही दाराशेजारच्या वाटीत नकोत, इथे गाड्या चोरणारे त्यासाठी घरात शिरतात.

घर विकत घेताय तर दोन गोष्टी. जुनी घरं पूर्वी तेलावर गरम व्हायची आणि तेलाची टाकी अंगणात पुरलेली असायची. ती गळली तर माती साफ करायचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो आणि साधी होमओनर्स पॉलिसी बहुतेक वेळा तो देत नाही. घेण्याआधी टँक स्वीप, म्हणजे पुरलेली टाकी आहे का याची तपासणी, करून घ्या, एजंट घाई करत असला तरी. दुसरं पूर. साध्या होमओनर्समध्ये पूर येतच नाही, कुठल्याच कंपनीच्या नाही असं समजून चाला. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचं उरलंसुरलं इथे आलं, मॅनव्हिल, बाउंड ब्रूक भागात रॅरिटन नदी घरात शिरली, राज्यात कितीतरी माणसं गेली, त्यातले बरेच जण रस्त्यावरच्या पाण्यात गाडी घालून अडकलेले. सरकारी फ्लड इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो, त्यात घराला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलर, आणि साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे बातम्यांत वादळ दिसल्यावर घेऊन काही उपयोग नाही. २०२४ पासून घर विकणाऱ्याने आणि भाड्याने देणाऱ्यानेही पुराची माहिती सांगणं बंधनकारक आहे, ती लेखी मागा. बेसमेंटमध्ये संप पंप (तळघरातलं पाणी बाहेर फेकणारा) बंद पडून पाणी भरलं तर ते अजून वेगळं, वॉटर बॅकअप नावाचं जोडून घ्यावं लागतं.

घर, थोडी बचत झाली की अंब्रेला पॉलिसी बघा, गाडी आणि घराच्या लायबिलिटीच्या वर दहा लाख डॉलरचं छत्र, वर्षाला काहीशे डॉलरमध्ये. त्यासाठी गाडीची लिमिट आधी वाढवावी लागते, तेही बरंच.

धंद्याचं थोडक्यात. घरून डबे करणाऱ्या ताई-वहिनींनी नीट वाचा: ऑक्टोबर २०२१ पासून परमिट घेऊन घरून विकता येतात ते केक, बिस्किटं असे फ्रिजमध्ये ठेवावे न लागणारे पदार्थ, पोळी-भाजीचा डबा त्यात येत नाही, त्याला लायसन्स असलेलं किचन लागतं. कुणाला बाधलं तर घराचा इन्शुरन्स हात वर करणार, कारण धंदा त्यात धरलेला नसतो. गाडीचंही तसंच, पैसे घेऊन डिलिव्हरी करताना अपघात झाला तर साधी पॉलिसी नाही म्हणू शकते. दुकान किंवा रेस्टॉरंट काढलं आणि एक माणूस जरी कामावर ठेवला तरी वर्कर्स कॉम्पेन्सेशन (कामावर कामगाराला इजा झाली तर त्याचा विमा) लागतं, रोख पगार दिला म्हणून सुटका नाही. आणि दुकानासमोरच्या फुटपाथवर बर्फात कुणी घसरलं तर दुकानाच्या जागेचा मालक जबाबदार धरला जातो, तुमच्या लीजमध्ये ते तुमच्यावर ढकललंय का बघा. व्हिसावर काम करता येतं की नाही हे वकिलाला विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपला नको.

आई-बाबा येणार असतील तर व्हिजिटर इन्शुरन्स भारतातून निघायच्या तारखेपासून घ्या. बीपी, शुगर आधीपासून असेल तर ते बहुतेक धरत नाहीत, फक्त अचानक बिघाड झाला तर, तेही वयाच्या अटीवर. फिक्स्ड बेनिफिटवाले, म्हणजे प्रत्येक उपचाराला ठरलेलीच रक्कम देणारे, स्वस्त प्लॅन इथल्या बिलापुढे पुरत नाहीत, कॉम्प्रिहेन्सिव्ह हेल्थ प्लॅन घ्या. औषधं महिनाभर जास्तीची आणायला सांगा.

आणि डिसेंबरमध्ये लग्नांना भारतात जाल तेव्हा हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका, ५५ फॅरनहाइटवर ठेवा आणि पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा. पाइप गोठून फुटला आणि हीटिंग बंद होतं असं कळलं तर क्लेम नाकारतात. शेजाऱ्याला किल्ली द्या, आणि पॉलिसी नंबर, क्लेमचा फोन नंबर नवरा-बायको दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, कारण बहुतेक घरात तो एकाच्याच ईमेलमध्ये असतो आणि नेमका तोच विमानात असतो.